जुलैपुरती फट

आउनेने गुडघे टेकून दोन फळ्यांच्या सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही. ती सरकत पुढच्या सांध्याशी गेली, मग त्याच्या पुढच्या. कुठेच केसाएवढीही फट नव्हती. भिंतीशी तर फळ्यांची टोकं अशी भिडली होती, जणू ती घराबरोबरच उगवली असावीत.

"बघ, बघ. नीट बघ," मागून रेइनो म्हणाला. "पत्त्याचं पान जायचं नाही मधून."

ती स्क्रू आणायला हॉटनला गेली होती. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, त्यात दुकानदाराच्या गप्पा. तेवढ्या वेळात तिच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाने, रेइनोने, जुन्या डब्यात उरलेले स्क्रू वापरून एकट्याने सहा ओळी बसवल्या होत्या. टोपी मागे सरकली होती. गाल लाल झाले होते, ते सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने की कामाने, कोण जाणे. एप्रिलपासून, आई गेल्यापासून, आउनेने हा चेहरा पाहिला नव्हता.

"कसं झालंय?"

"सरळ आहे," ती म्हणाली. ते खरंच होतं. दोरी धरून ओढल्यासारखं सरळ होतं.

"सरळ आहे म्हणे! पन्नास वर्षं लोकांची घरं बांधली, ती काय वाकडी बांधली? तुझ्या त्या पिशव्यांनासुद्धा कळतं हो, हात कुणाचा आहे ते."

पिशव्या हे त्याने पहिल्या दिवशीच ठेवलेलं नाव. लाकडाचा भुसा आणि वितळवलेल्या जुन्या पिशव्या एकत्र करून या फळ्या बनतात, हे आउनेने त्याला सांगितलं, ती चूकच झाली. "म्हणजे किराणाच्या पिशव्यांवरून चालत जायचं मी साउनाला?" असं तो तेव्हापासून दिवसातून दोनदा तरी विचारत होता.

"तेल नको, रंग नको, कुजायची भीती नाही," तिने समजावलं होतं. "बर्फ पडला की प्लॅस्टिकच्या फावड्याने ढकलायचा, बास. काही करावं लागत नाही बाबा."

"मग मी काय करायचं?" त्याने विचारलं होतं. ती हसली होती. तो हसला नव्हता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मागच्या दारापासून साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, खोलीपर्यंत पूर्वी देवदारी फळ्यांचा डेक, लाकडी ओटा, होता. रेइनोनेच बांधलेला. दर जूनमध्ये तो आणि आउनेची आई साइमी गुडघ्यांवर बसून त्याला तेल पाजायचे, तो एका टोकाने, ती दुसऱ्या टोकाने, आणि मध्ये भेटले की कॉफी. साइमीचा शनिवारच्या साउनाचा नेम होता. एकोणपन्नास वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता, वादळ असो, ताप असो. वाफेत बसायचं, स्वच्छ व्हायचं, म्हणजे रविवारी देवापुढे उजळ अंगाने उभं राहता येतं, असं ती म्हणे. ती गेली त्याच महिन्यात कुजलेल्या फळीतून रेइनोचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. पाय बरा झाला. साउनाचं दार मात्र तेव्हापासून उघडलं नाही. विचारलं की तो म्हणे, "डेक कुजलाय. जाऊ कसा?"

म्हणून आउने ग्रीन बे शहरातून आपली सुतारकामं लोकांवर सोपवून, ट्रकमध्ये फळ्या घालून आली होती. निदान ही सबब तरी उरू नये, म्हणून.

पण ती आली त्या दिवशी तिची नजर डेकवर गेलीच नव्हती. ती गेली जळणाच्या छपरीवर. इथे प्रत्येक घराच्या छपरीला दोन बाजू असतात. डावीकडे या हिवाळ्याचं जळण, उजवीकडे पुढच्या हिवाळ्याचं. कारण ओलं लाकूड वाळायला वर्ष लागतं आणि वर्षभर आधी रचलं नाही, तर पुढच्या थंडीत चुलीपुढे नुसता धूर गिळत बसावं लागतं. रेइनोच्या छपरीची डावी बाजू भरलेली होती. उजवी झाडून स्वच्छ केलेली होती. मागची भिंत दिसत होती. जन्मात तिने ती भिंत पाहिली नव्हती.

"बाबा, पुढच्या वर्षाचं लाकूड?"

"बघू," तो म्हणाला होता.

त्या एका शब्दाने तिची झोप उडाली होती. गावात अशी दोन-तीन म्हातारी माणसं होऊन गेली होती. त्यांनी तोंडाने काही सांगितलं नव्हतं, फक्त उजवी बाजू भरली नव्हती.

आणि आज, आई गेल्यावर सहा महिन्यांनी, हा माणूस कंबरेवर हात ठेवून शाबासकीची वाट पाहत उभा होता. आणि त्याचं काम चुकलं होतं.

चूक त्याचीही नव्हती. लाकूड येतं तेच ओलं. चांगला सुतार फळ्या गच्च भिडवतो, लाकूड वाळत जातं आणि फट आपोआप पडते. त्याच्या हातांनी पन्नास वर्षं हेच केलं होतं. या फळ्यांचं उलटं. त्या पाण्याने फुगत नाहीत, उन्हाने लांबतात. गारठ्यात त्या आधीच आखडलेल्या असतात, म्हणून थंडीत बसवताना टोकाशी जास्त जागा सोडावी लागते. नाहीतर जुलैच्या उन्हात त्या एकमेकींना रेटत राहणार आणि सांध्यांवर उंटाच्या पाठीसारख्या उठणार.

गप्प बसावं, असं तिला वाटलं. आज तो पोटभर जेवेल. जुलैचं जुलैत बघता येईल. ती ग्लव्ह काढून पुन्हा घालत राहिली. पण जुलैत डेक उचकटला, तर त्याला कळणार होतं की लेकीने आपल्याला म्हातारा समजून गप्प राहणं पसंत केलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे काढावं लागेल."

"काय काढावं लागेल?"

"सहाही ओळी. टोकांना फट हवी. भिंतीशीसुद्धा. उन्हाने या लांबतात."

"फट?" त्याने टोपी पुढे ओढली. "फट ठेवणारा सुतार मी कधी कामावर ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलाय."

"माहीत आहे. मलाच पाठवलं होतंत, सोळाव्या वर्षी."

"मग?"

"तेव्हा लाकूड होतं. हे लाकूड नाही. जुलैत हे असंच राहिलं, तर..."

"जुलै!" तो म्हणाला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जुलै बघायला कोण आहे इथे?"

सरोवराकडून वारा आला आणि फळ्यांवरचा भुसा उडवून घेऊन गेला. रेइनोने हातातलं स्क्रू पिळायचं मशीन अलगद खाली ठेवलं, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसं, आणि तो घरात गेला.

संध्याकाळी तिने मांसाचे कानवले गरम केले. त्याने अर्धा खाल्ला. मग बशीत कॉफी ओतली, दातांत साखरेचा खडा धरला आणि खिडकीकडे बघत प्यायला. साइमी असती, तर आधी हात जोडून दोन शब्द म्हणाली असती. आउनेला ते शब्द पाठ होते, पण तिच्या तोंडून फुटले नाहीत.

सकाळी तिला जाग आली ती मशीनच्या आवाजाने. स्क्रू आत जातानाचा नव्हे, बाहेर येतानाचा. तो वेगळा असतो. आउने लहानपणापासून ओळखत होती.

ती कोट चढवून दारात आली. रेइनो पालथ्या बादलीवर बसला होता. पाच ओळी निघाल्या होत्या, फळ्या नंबर घालून नीट रचलेल्या होत्या, स्क्रू डब्यात होते. त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचं कॅलेंडर उघडं पडलं होतं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर हातोडा ठेवला होता.

साइमीचं कॅलेंडर. रोज दुपारी जेवण आटोपलं की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतलं थर्मामीटर बघायची आणि त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायची. मग एक स्तोत्र, मग कॉफी. कशासाठी लिहितेस, म्हटलं की म्हणायची, दिलेला दिवस घेतला म्हणून पोच नको द्यायला?

"तुझी आई म्हणते," रेइनो मान वर न करता म्हणाला, "गेल्या वर्षी जुलैत अठरा तारखेला ब्याण्णव फॅरनहाइट होतं."

आउने पायरीवर बसली.

"आणि आत्ता चौतीस आहे. पाणी गोठायला दोनच अंश कमी. एवढ्याला किती जागा सोडायची?"

तिने कोटाच्या खिशातली सुताराची चपटी पेन्सिल काढून दिली. "हिची जाडी. आडवी नाही, अशी. टोकाला टोक येतं तिथे. भिंतीशी हिच्याहून थोडी जास्त."

त्याने पेन्सिल डोळ्यांसमोर धरून पाहिली. "फार वाटते."

"थंडीत फारच वाटते. जुलैत मिटून जाईल. शोधावी लागेल."

"शोधायला चष्मा बदलावा लागेल मला," तो म्हणाला. मग करवतीकडे बोट दाखवून, "बसलीस काय अशी राणीसारखी? पहिली ओळ काप की. मी खुणा करून देतो."

त्याने केलेल्या खुणा बरोबर होत्या. प्रत्येक फळीच्या टोकाशी, पेन्सिलच्या जाडीएवढ्या.

दोन दिवस ते वाकून काम करत राहिले, तो भिंतीकडून, ती साउनाकडून. मध्ये फार बोलणं झालं नाही. तो प्रत्येक सांध्यात पेन्सिल घालायचा, बाहेर काढायचा आणि नाकाने आवाज करायचा. "पिशव्याच त्या," असं एकदा म्हणाला, पण फळीवर हात फिरवत. शुक्रवारी दुपारी तो फोनवर कुणावर तरी बराच वेळ ओरडत होता. आउने करवतीपाशी होती, तिला शब्द ऐकू आले नाहीत.

शनिवारी दहाच्या सुमाराला शेवटची फळी बसवायची राहिली होती. रेइनो नव्या फळ्यांवरून चालत साउनाकडे गेला होता. दार अडकलं होतं, त्याने खांद्याने ढकललं, आणि आतून झाडू फिरवल्याचा आवाज येऊ लागला. तेवढ्यात ऑर्विलचा ट्रक अंगणात शिरला. ऑर्विल म्हणजे गावातला लाकूडवाला. त्याने काच खाली केली.

"आउने ना तू? बापासारखीच दिसायला लागलीस. बिचारी."

"तुम्ही होतात तसेच आहात. काय आणलंत?"

"लाकूड. अजून काय आणणार, फुलं?" त्याने ट्रक मागे घेऊन छपरीशी लावला आणि मागचं फळकूट उघडलं. फोडलेलं मेपल धडाधड खाली आलं. आउनेने एक ढलपा उचलला. तो जड होता, गार होता, आणि त्याला रसाचा गोड वास येत होता.

"ऑर्विल, हे ओलं आहे," ती म्हणाली. "हे या हिवाळ्यात पेटणार नाही."

"मला काय शिकवतेस? त्यांनी ओलंच मागवलंय. वाळकं आणलंस तर तुझ्यासकट परत पाठवीन, म्हणाले." त्याने हात झटकले. "एप्रिलनंतर पहिल्यांदाच शिव्या खाल्ल्या त्यांच्या. बरं वाटलं मला."

ट्रक निघून गेला. आउने तो ढलपा हातात घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग छपरीच्या उजव्या बाजूला गेली, भिंतीच्या कोपऱ्यात तो ठेवला, दुसरा उचलून त्याच्या शेजारी गच्च बसवला, तिसरा त्याच्या शेजारी. डोळे पुसायला तिने बाही वापरली, कारण हात रसाने चिकट झाले होते.

साउनाच्या धुराड्यातून पहिला पांढरा धूर निघाला. दारात झाडू घेऊन रेइनो उभा होता आणि तिचं काम लांबूनच पारखत होता.

"अगं ए, गच्च काय बसवतेस!" तो ओरडला. "फट सोड मध्ये. वर्षभरात वाळायचंय ते. एवढी सुतारीण झालीस, आणि हेही मीच सांगू?"