वसंतात आंबट बंद

आमच्या शानशी प्रांतात माणसाच्या पानात मीठ नसलं तरी चालतं, व्हिनेगर लागतंच. आणि आमच्या गावात चांगलं व्हिनेगर म्हणजे माझ्या भट्टीचं. ही फुशारकी नाही. फुशारकी मारायचीच तर मी आणखी बरंच सांगेन. सासरे गेल्यापासून कुठला रांजण मुरायला ठेवायचा आणि कुठला लगेच विकायचा, हे माझी जीभ ठरवते. हिवाळ्यात रांजणांवर धरलेला बर्फ काढला की खालचं व्हिनेगर दाट होतं, आणि वसंत लागला की मी लाकडी चमचा घेऊन अंगणात उतरते.

यंदा पहिलाच चमचा तोंडात गेला आणि मी थुंकले. कडू! दुसरा रांजणही कडू, तिसरा त्याहून कडू.

"भट्टीवर कोण होतं?" मी ओरडले. कोण होतं ते मला ठाऊक होतं. ज्वारीचं आंबवण काळं होईस्तोवर भाजायचं काम यंदा पहिल्यांदाच सुनेकडे दिलं होतं. हुइछिंग दक्षिणेकडची, वूशीची. तिकडचे लोक मटणातसुद्धा साखर घालतात.

"मीच होते, आई."

"करपवलंस. सबंध हिवाळ्याची मेहनत पाण्यात घातलीस."

"करपलेलं नाहीये."

"तुला काय कळतं गं आंबटातलं?"

"आंबटातलं नसेल कळत, पण करपलेलं कळतं. माझ्या बाबांचं मिठाईचं दुकान आहे. पाक जरा लागला तरी मी झोपेतून उठायचे." तिनं माझ्या हातातला चमचा घेतला, चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "चांगलं उतरलंय."

कामगार माना खाली घालून उभे. त्यांच्यासमोर सून मला शिकवणार? "आजपासून भट्टीला हात लावायचा नाही," मी म्हणाले आणि तिथूनच लोणचेवाल्या ज्यावला फोन लावला. सगळे रांजण उद्या सकाळी उचल, देशील त्या भावाला दिले. माझा मुलगा युंगलू काही बोलायला गेला, मी नुसतं बघितलं, त्यानं तोंड मिटलं. हुइछिंग आत गेली आणि तिनं माहेरी फोन लावला. त्यांची बोली मला कळत नाही, पण रडणं कळतं.

रागानं माझ्या पोटात आग पडली. तशी ती बरेच दिवस पडत होती. तशीच उठले आणि पेइ वैद्यांकडे गेले. ते माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. नवरा गेला, पण भावजींचं नातं राहिलं. ते जेवत होते. वाडग्यात नूडल्स पोहत होत्या, आणि कशात ते वासावरून कळलं.

"बसा, वहिनी. हात द्या." मनगटावर बोटं ठेवून त्यांनी डोळे मिटले. "चिडलाय कुणावर?"

"सुनेवर. पोटाचं बघा."

"तेच बघतोय. वसंतात यकृत जोरात असतं. ते पोटावर दादागिरी करतं. त्यात तुम्ही आंबट खाता, म्हणजे त्या दादाला खुराक. उन्हाळा लागेपर्यंत आंबट बंद. राळ्याची पेज, कोनफळ, लाल बोरं, शेवंतीचा चहा. आणि राग बंद."

"शानशीत आंबट बंद? मग श्वासही बंद करा की! आणि तुमच्या वाडग्यात काय, नुसतं पाणी आहे?"

"माझी नाडी माझ्याकडे आहे. जीभ काढा."

मी काढली. या जिभेचा मला फार अभिमान. ते वाकून बघत राहिले.

"मक्याच्या भाकरीसारखी पिवळी झालीय. तोंड कडू असतं का हो?"

"माझं तोंड कशाला कडू असेल? या घरात सगळं कडूच करतात. सून सकाळी पेज देते, ती कडू. चहा कडू. परवा शेजारणीनं मध दिला, तोही क..."

मी थांबले. पेइ भावजींनी वाडगा पुन्हा पुढ्यात ओढला. नूडल्सचा घास घेऊन शांतपणे चावत बसले. मला इतकी लाज वाटली की औषधाची पुडी घ्यायलाही विसरले. त्यांनी दारापर्यंत येऊन ती हातात कोंबली.

घरी येताना वाटेतच ज्यावला फोन केला. तो म्हणाला, "शब्द दिलात तुम्ही." मी म्हणाले, "दिला होता, आता परत घेतला. ओरडायचं तर ओरड." तो ओरडला. मी ऐकून घेतलं.

हुइछिंग खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घड्या कपाटात जात नव्हत्या, पिशवीत जात होत्या.

"ते ठेव खाली," मी म्हणाले. "कडू माझं तोंड आहे, तुझं व्हिनेगर नाही."

तिनं वर बघितलंच नाही. "हे इथे सांगून काय उपयोग, आई?"

बरोबर होतं तिचं. मी तिचा हात धरला, अंगणात नेलं, सगळ्यांना हाका मारल्या आणि ज्यांच्यादेखत बोलले होते त्यांच्यादेखत तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मग तिच्या हातात चमचा दिला. "यंदा निवड तू करायचीस. मला आंबट बंद आहे."

तो वसंत मी कसा काढला ते माझं मला माहीत. सून पेज करायची, मी गिळायचे. युंगलू जेवायला बसला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे, वासानं जीव कासावीस व्हायचा. राग मात्र पूर्ण बंद झाला नाही. तेवढं औषध पेइ भावजींकडेही नाही.

उन्हाळा लागला त्या दिवशी त्यांनी जीभ बघितली आणि म्हणाले, "जा, चाखा एकदाचं."

अंगणात रांजण लागले होते: मुरायचे एकीकडे, विकायचे दुसरीकडे. मी मुरायच्या रांगेतला पहिला चाखला. आधी आंबट, त्यामागून गोडी, अगदी शेवटी भट्टीचा धूर. माझ्या हातून याहून चांगलं उतरलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही.

एक रांजण मधेच एकटा होता. "हा का असा?"

"मला ठरवता येईना, आई. तुम्ही सांगा."

मी चाखला. पुन्हा चाखला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी ठोकून दिलं असतं तर कुणाची हिंमत होती विचारायची?

"मलाही ठरवता येईना," मी म्हणाले. "तुझा कौल कुठे?"

तिनं पुन्हा एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अजून वर्षभर ठेवूया."

"ठेव. आणि झाकणावर लाल कागद लावशील, त्यावर नाव घाल," मी म्हणाले. "माझं नको. तुझं."