कोरी फिल्म

"ठोकून पाह्य, पोरी. पोकळ असलं का आवाज वेगळा येते."

हा दीपाच्या बापाचा आवाज. राजूरच्या कोळसा खाणीत तो सळईनं छत ठोकून ते पक्कं आहे का ते ओळखायचा. तो जाऊन वर्षं लोटली. दीपा नागपूरला संशोधन करते, आणि तिच्या कामात आवाज अजिबात नाही.

राजूरच्या घराघरांत तिनं दोन बोटं रुंद तांबड्या फिल्मा काही आठवडे टांगल्या होत्या. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. त्याला ना रंग, ना वास, पण श्वासातून आत जात राहिला की फुप्फुसाला घातक. त्यातून सुटलेले कण फिल्मवर आदळले की आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचे दुवे तुटतात. वरून काही कळत नाही, फिल्म तशीच गुळगुळीत. मग ती कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायची. सोडा सगळ्याच फिल्मला खातो, पण दुवे तुटले तिथं भराभरा खातो. बारीक भोकं पडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या सांजेत चांदण्या उगवाव्यात तसा त्यांतून उजेड येतो. जितक्या चांदण्या, तितका वायू.

शेजारच्या सगळ्या घरांच्या फिल्मा चांदण्यांनी भरल्या होत्या. दीपाच्या इंदूमावशीच्या आतल्या खोलीची मात्र कोरी निघाली.

"काय निघालं आमच्या घरातून?" दीपा निकाल सांगायला राजूरला आली, तेव्हा खाटेवर बसलेल्या मावशीच्या नवऱ्यानं, बळीराम मावसाजींनी विचारलं. "भूत का भविष्य?"

"काहीच नाही, मावसाजी."

"पाह्य! मी म्हनत होतो, या घरात टिकाले भूतही तयार नाही."

इंदूमावशी हसली नाही. ती आतल्या खोलीच्या खिडकीत पोतं खोचत होती. प्रेरणा, तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला येणार होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सव्वा महिना खिडकी बंद, दाराला जाड पडदा, खाटेखाली शेगडी. मावशीच्या आईनं तेच केलं होतं, तिच्या आईनंही तेच.

"मावशी, बंद खोलीत तर हा वायू जास्त साचते. फिल्म कोरी कशी राहीन? कोनी काढली तर नव्हती?"

"कोन काढन बाई? टांगली तिथंच होती."

"मंग ठीक हाय," दीपा म्हणाली. पण ते उत्तर तिच्या मनाला पटेना.

"ठीक म्हनजे?" मावशीनं वळून पाहिलं. "पोरगी येऊ शकते ना?"

"फिल्म तर तसंच म्हनते."

तेवढ्यात फोन वाजला. पांढरकवड्याहून प्रेरणा होती. मावशीनं स्पीकर लावला.

"आई, दीपाताई आली का? काय म्हने ते? सासूबाईले आता कुठून तरी कळलं हे, विचारून राह्यल्या, खोली चांगली असन तरच पाठवतो म्हनते."

हातातलं पोतं मावशीनं खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"आई? आयकू येते का?"

"येते," मावशी म्हणाली. मग फोन तोंडाजवळ धरून, पण दीपाकडे पाहत: "प्रेरणे, तुह्या सासूबाई ओटी भरायले आल्या, त्याच्या आदल्या दिवशी, दीपा टांगून गेली तशीच, मी ते फिल्म काढून घट्ट झाकनाच्या डब्यात ठेवली. घरात मशीन लावली म्हनजे दोष असन, अन् तुले माहेरी पाठवनार नाहीत, असं वाटलं मले. दीपा फिल्म न्यायले आली त्याच दिवशी सकाळी परत टांगली. या खोलीत काय हाय, ते कोनालेच माहीत नाही."