नसलेल्या कमानीखाली

"वर बघ, होसियत. डोक्यावरची टोपी मागं पडेस्तोवर वर बघ."

आकसराय महालाच्या दारात बाप असं म्हणायचा, आणि लहानगी होसियत मान दुखेस्तोवर वर बघायची. टोपी पडायची, पण महाल काही संपायचा नाही. बापाला जाऊन जमाना झाला, तरी शहरीसब्झमधली कुठलीही वरात महालाशी येऊन थांबली की तो आवाज तिच्या कानात उमटे.

आजही वरात आली होती. शेजारच्या सलोमतची नात नवरी होती आणि मोडक्या बुरुजांपुढं फोटो काढल्याशिवाय या गावात लग्न झाल्यासारखं वाटत नाही. सगळ्या गल्लीबरोबर होसियत आली होती, तिच्यासोबत तिची सून ओयदिन. नवरीच्या टोपीवरचं भरतकाम ओयदिनच्या हातचं. बायका टोपी उलटी करकरून बघत होत्या. सुईचा खरेपणा आतल्या बाजूनंच कळतो. पाहुण्यांत समरकंदची एक बाई होती, तिचं तिथं भरतकामाचं मोठं दुकान. तिनं टोपी पाहिली न पाहिली तोच ओयदिनला विचारलं, माझ्याकडं येतेस का, राहायला खोली देते, हाताखाली मुली देते. ओयदिन कानापर्यंत लाल झाली आणि घरी विचारून सांगते म्हणाली.

"विचारणार कुणाला?" सलोमत म्हणाली. "नवरा तर मॉस्कोत बसलाय. दुसरा आकसराय बांधतोय वाटतं. अगं, इतक्या दिवसांत अमीर तैमूरचासुद्धा बांधून झाला असता."

बायका हसल्या, ओयदिनही हसली. होसियतनं मात्र रुमालाची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

तिचा मुलगा दव्रोन मॉस्कोला गवंडीकामाला गेला, त्या सकाळी त्यानं उंबऱ्यात उभं राहून रोटीचा एक घास तोडला होता. उरलेली रोटी होसियतनं भिंतीवर टांगली. ज्यानं घास घेतला त्यानंच परत येऊन ती उतरवायची, अशी रीत. ओयदिन तिला धुळीपासून जपे, उंदरांपासून जपे, पाळण्यातल्या लेकरासारखी. आणि गेल्या वर्षी जर्दाळू बहरले असताना दव्रोनचा फोन आला. तिकडं संसार मांडलाय, म्हणाला, मुलगी झालीय. ओयदिनला मी सांगेन, एना, तुम्ही बोलू नका. आईला तो एना म्हणे, ओयदिनही. तो बोलला नाही. आईही बोलली नाही. रोज सकाळी सून पियालीत मानाचा अर्धाच चहा ओती, छातीवर हात ठेवून पुढं करी, आणि होसियत तो खाली बघून पिई.

फोटो झाले. वरात गाड्यांत बसू लागली, म्हाताऱ्या बायकांनी चालता चालता गाणं धरलं:

जर्दाळूचं झाड फुललं आईच्या दारी,
फूल नाही आईचं, गं, वारा नेई दूरच्या घरी.

गाणं लांब गेलं. होसियतचे गुडघे भरून आले होते, म्हणून सासूसुना बुरुजाच्या सावलीत मागं राहिल्या. ओयदिननं पिशवीतून थर्मास काढला, सोमसे काढले. खाता खाता सहज सांगितल्यासारखं तिनं सांगितलं की समरकंदच्या बाईला ती नाही म्हणणार आहे. भिंतीवर रोटी आहे. जर्दाळूची पानं पिवळी पडली की येतो, असं दव्रोन फोनवर म्हणालाय. आला आणि मी दारात दिसले नाही तर?

हातातला सोमसा होसियतनं तसाच खाली ठेवला.

आता गर्दी नाही तर जरा पलीकडून बघून येते, म्हणत ओयदिन उठली. खेड्यातली पोर, इतकी वर्षं गावात राहून तिनं महाल निवांत कधी पाहिला नव्हता. दोन बुरुज, अंगावर निळ्या फरशांचे तुकडे, आणि मधली कमान कुठल्याशा पिढीत कोसळलेली. आता तिथं आभाळ होतं, पाकोळ्या होत्या. ओयदिन बरोबर मधोमध चालत गेली आणि जिथं कमान असायची तिथं आल्यावर तिनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला, मान लववली, परक्या थोरामोठ्यांच्या दारात शिरावं तशी. वर काही नव्हतं. तरी पार पलीकडं पोचेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

होसियत तिच्याकडंच बघत होती. पोर आणखी किती वर्षं अशीच वाकून चालणार?

"ओयदिन, इकडं ये. बैस माझ्याजवळ."

ओयदिन आली, बसली, सवयीनं चहा ओतायला लागली. होसियतनं पियालीवर तळहात ठेवला.

"राहू दे. ऐक. दव्रोन येणार नाही. पानं पिवळी पडल्यावर नाही, कधीच नाही. तिथं त्याला बायको आहे, मुलगी आहे. मला गेल्या वर्षीच्या बहरापासून ठाऊक आहे."

ओयदिनच्या हातातला थर्मास कलता तो कलताच राहिला. चहाची धार मातीत जिरत होती. मग तिनं तो सरळ केला, झाकण लावलं, घट्ट लावलं.

"त्याचं मी समजू शकते, एना," ती हलकेच म्हणाली. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

मुलानं गळ घातली होती, हे उत्तर होसियतच्या जिभेवर वर्षभर तयार होतं. ते तिनं गिळलं.

"त्यानं सांगितलं म्हणून नव्हे, पोरी," ती म्हणाली. "तू निघून जाशील म्हणून. तू गेलीस की त्या घरात मला एना म्हणणारं कुणी उरत नाही, म्हणून."