गवई सरांच्या आवाजातले चित्रपट

मार्गशीर्षातल्या दुपारी, खिडक्यांवर बारदानाची पोती टांगून केलेल्या अंधारात, गवई सरांचा आवाज आधी खोकल्यासारखा यायचा आणि मग शेकोटीच्या धगीसारखा खोलीभर पसरायचा. नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या दुकानावरची ती आमच्या चित्रपट मंडळाची खोली. प्रोजेक्टरच्या झोतात कापसाचे तंतू तरंगत असायचे, कारण हंगामात आमच्याकडे हवेलाही कापूस लागतो. पडद्यावर फ्रान्समधला कुठलासा कालवा, ओलसर आभाळ, सायकल ढकलत येणारी एक बाई. तिचे ओठ उघडण्याच्या क्षणभर आधी सरांचा डावा हात वर जायचा, पंगतीत वाढप्याला थांबवावं तसा. आणि ती बाई आमच्या मराठीत बोलू लागायची.

सर परतूरला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. महिन्यातल्या एका रविवारी ते बायकोला, आमच्या काकूंना, घेऊन रेल्वेने यायचे. गेल्या शतकातला एक थोर फ्रेंच दिग्दर्शक हा त्यांचा ध्यास होता. पण त्याचे जगभर नावाजलेले चित्रपट त्यांनी आम्हाला कधी दाखवले नाहीत. कालव्यावरचा लघुपट, टीव्हीसाठी घाईत उरकलेली कथा, उतारवयातला फसलेला विनोदी चित्रपट, असं कुणी न मागितलेलं काही ते शोधून आणायचे. खुर्च्या, पडदा, चहा, निरोप ही व्यवस्था माझी. म्हणून मी एकदा विचारलं, की लोकांना माहीत असलेलं एखादं का नको?

"ताई, नावाजलेल्या पिच्चरात हा माणूस कोट घालून येतो," सर म्हणाले. "बाकीच्यात घरच्या बनियनवर राहतो. आपल्याला त्याला घरी गाठायचंय."

पडद्याखाली पळणारी इंग्रजी अक्षरं आमच्यातल्या बहुतेकांना झेपायची नाहीत. म्हणून सर सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतः बोलायचे, आणि हीच आमची रीत झाली. त्यांच्या तोंडून फ्रेंच बायको नवऱ्याला "ऐकलं का" म्हणायची, पाववाला गिऱ्हाइकाला "मावशी" म्हणायचा. पहिल्या रांगेतले रिक्षावाले शेख चाचा मधेच विचारायचे, "सर, ये बाई घंटाभर से पानी देख रही, इसको कुछ काम न्हाई क्या?" अंधारातून उत्तर यायचं, "चाचा, सवारी नसली की तुम्ही स्टँडवर काय करता? तेच करून राह्यली ती." हशा पिकायचा, पण त्यानंतर ते पाणी आम्ही वेगळ्या नजरेने पाहायचो.

यंदा भाद्रपदात सरांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणले, ओळखीचं कानावर पडू द्या. त्यांचा तो दाखवायचा राह्यलेला पिच्चर लावा. अंधार झाला की बोलतीन ते. मला ठाऊक हाय."

मी कामाला लागले. पोती टांगली, हाताची खुर्ची मागवली. चाचांनी आणि आणखी एकाने सरांना खुर्चीसकट जिना चढवलं. सगळे आले होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आज कुणी चित्रपट पाहायला आलेलं नाही.

राहिलेला चित्रपट त्या दिग्दर्शकाचा शेवटचा. एक म्हातारी गावातलं आपलं छोटं दुकान कायमचं बंद करते, एवढीच गोष्ट. तिने फळीवरची बरणी उतरवली, शेजाऱ्याकडे वळली. आणि सरांचा डावा हात नेमक्या क्षणी वर गेला.

"मंग," सर म्हणाले.

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "बोलले! ऐकलं का ताई, बोलले!"

शेजारी उत्तर देऊ लागला. हात पुन्हा वर गेला. "मंग." म्हातारी पुष्कळ बोलली, बरणीकडे पाहत, दाराकडे पाहत. "मंग... मंग..." शब्द उंबऱ्यापर्यंत यायचा आणि त्याच्यामागे घरात कुणीच नसायचं. चाचा पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "आगे बोलो सर. हम बैठे हैं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हात मांडीवर उतरला. पडद्यावर माणसं बोलत राहिली, पण तो पुन्हा वर गेला नाही. माझ्या मनगटावरची काकूंची बोटं एकेक करून सुटली. "पुरं, ताई," त्या म्हणाल्या. "लाइट लावा."

हात बांधून बसणं मला जमत नाही. सरांचं काम आता आपण करावं, म्हणून मी कालव्यावरचा लघुपट घरी लावला आणि खालची अक्षरं थांबवून थांबवून मराठीत उतरवू लागले. नवरा गेल्यावरही हाताच्या सवयीने आपण दोन ताटं वाढतो, असं सरांच्या तोंडून ती सायकलवाली बाई सांगायची. ते ऐकून चाचांनी रुमाल काढला होता, ते मला लख्ख आठवत होतं. ते वाक्य चित्रपटात नव्हतं. ती बाई फक्त विचारते, पाणी किती चढलं, आणि निघून जाते. मी दुसरा चित्रपट लावला, तिसरा लावला. सगळीकडे तीच शांतता. मोजके शब्द, लांबलचक आभाळ. आम्ही ज्यांच्यासाठी हसलो-रडलो ती माणसं त्या दिग्दर्शकाने घडवलीच नव्हती.

मी परतूरला गेले. सर अंगणात कोवळ्या उन्हात बाजेवर बसले होते. विचारलं, "सर, ती दोन ताटांची बाई कुठून आणली होती?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू पुढचं वाक्य आता माझं होतं. काकूंनी चहा आणला, बशीत ओतून त्यांच्या ओठांना लावला.

त्या दिग्दर्शकाची रिळं दूरदेशी कुठल्याशा थंड कोठारात सुरक्षित असतील. आमच्या चित्रपटांना कोठार नव्हतं. एक गळा होता. माणूस आपल्यासमोर बसलेला असताना जे निघून जातं, त्याचं सुतक पाळता येत नाही. काळ त्याच्यावर एकेक साधा दिवस अंथरत जातो, आणि एके सकाळी ध्यानात येतं, की आठवणीतली ती बाई अजून दोन ताटांचं तेच वाक्य बोलते आहे, पण सरांच्या नाही, माझ्या आवाजात.