रंगाच्या कपातलं औषध

माझ्या मेव्हण्याला मालकाने दारुडा ठरवलं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि समोर पांढऱ्या गाडीच्या दारावरून ताजा रंग ओघळत होता.

कोण कोण ते आधी सांगतो. मी डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करतो. मेव्हणा पेंटर, मी सरळ केलेल्या पत्र्यावर तो रंग मारतो. बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला या गॅरेजात चिकटवला, म्हणून त्याचं बरंवाईट माझ्या डोक्यावर. या अकरा वर्षांत त्याच्या हातून रंगाचा एक थेंब ओघळलेला मी पाहिला नव्हता. हात असा की गिऱ्हाईक दारावरून बोटं फिरवतं आणि विचारतं, ठोकली होती ती हीच गाडी का?

आणि आज तो स्प्रेगन हातात धरून बूथच्या भिंतीला टेकून उभा होता. बूथ म्हणजे रंग मारायची बंद खोली. डोळे बटाट्याएवढे. जीभ जड.

"दाजी," तो मला म्हणाला, "ही गाडी हलतेय का हो?"

गाडीला चाकंसुद्धा नव्हती. स्टँडवर होती.

मालक आत आला. "तोंड उघड. वास दे."

मेव्हण्याने शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं. वास गोड येत होता, फळाच्या सरबतासारखा.

"बिनवासाची पितात आजकाल," मालक माझ्याकडे बघून म्हणाला. "सकाळपासून बघतोय मी. वीस मिनिटं संडासात. बाहेर आला तो भिंत धरून. आत काय करत होता?"

"लघवीला उभा होतो," मेव्हणा म्हणाला. "होतच नाही, मालक."

मालक हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसाला लघवी होत नाही यात हसण्यासारखं काय आहे? पण मीही तेव्हा तोंड उघडलं नाही, हेही लिहायला पाहिजे.

"हा दरवाजा घासून परत मारायचा. संध्याकाळी गाडी द्यायची आहे," मालक म्हणाला. "आणि पेंटर, तू उद्यापासून येऊ नकोस. दारुड्याच्या हातात मी लोकांच्या गाड्या देत नाही."

झालं. अकरा वर्षं एका वाक्यात घासून काढली. दारू पिऊन काढलेला पेंटर म्हटल्यावर दुसरं गॅरेज त्याला दारात उभं करत नाही. या धंद्यात सगळे एकमेकांना फोन करतात.

आता दारूचं सांगतो. मेव्हणा दारू पीत नाही. चहासुद्धा अर्धा पितो. गेल्या तीन दिवसांत तो पीत होता ते कोरड्या खोकल्याचं औषध.

खोकला महिनाभराचा. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा ठसका. सुरू झाला की कुलूप तुटेपर्यंत दार ठोठावत राहावं तसा. बूथमधून बाहेर आला की जास्त. मालकाचं ऑफिस बूथला लागून, मध्ये एक काच. गिऱ्हाईक आत बसलेलं असलं की मालक काचेवर टकटक करायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे तुझं भुंकणं बंद कर, नाहीतर माणूस बदलतो." म्हणून मेव्हणा दवाखान्यात गेला. खोकला का येतो हे विचारायला नाही गेला. बंद करायला गेला. फरक आहे.

सोमवारी मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, सिरप लिहून दिलं आणि बाटलीच्या टोपणावर बसवलेला प्लास्टिकचा छोटा कप हातात धरून दाखवला. "ही पहिली रेघ पाच मिलीची, ही दुसरी दहाची. दुसऱ्या रेघेपर्यंत, दिवसातून तीन वेळा. जास्त नाही. झोप येईल, तोंड कोरडं पडेल, पाणी पीत राहा. औषध चालू आहे तोवर गाडी चालवू नका. सर्दीचं दुसरं काही घेऊ नका. आठवड्यात बरं नाही वाटलं तर परत या. आणि काम काय करता?"

"पेंटर," मेव्हणा म्हणाला.

"भिंतींचे?"

"हो," हा म्हणाला. का तर मागे रांग होती आणि याला समजावत बसायचा कंटाळा आला. मी शेजारी होतो. मीही गप्प. भिंतीचा रंग आणि गाडीचा रंग यात किती फरक आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं. गाडीच्या रंगात तो कडक करायला हार्डनर पडतो, त्याचा धूर छातीत बसतो, त्यासाठी फिल्टरचा मास्क लागतो, आणि आमच्या मास्कचे फिल्टर शेवटचे कधी बदलले ते कुणालाच आठवत नाही. हे एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते आम्ही वाचवलं.

बूथमधून मी त्याला बाहेर काढलं, बाकावर बसवलं. नाडी बघितली तर पळत होती. मालकाचा सल्ला सुरूच. "काळी कॉफी पाज. घशात बोटं घाल. नळाखाली डोकं धर."

"मालक, डॉक्टर आहात का तुम्ही?" शेवटी माझं तोंड सुटलं एकदाचं.

मेव्हण्याच्या खणातून बाटली घेतली. ही दुसरी बाटली म्हणून चमकलो. लेबल तेच, पण ही नवी, आणि निम्म्याच्या खाली. सोमवारची शंभर मिलीची बाटली गुरुवारपर्यंत पुरायला हवी होती. आज बुधवार. बायकोला फोन लावला.

"अहो, काल संध्याकाळीच संपली म्हणाला," ती म्हणाली. "मी विचारलं इतक्यात कशी, तर म्हणे ताई, लहान बाटली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणली. त्यांनी काही विचारलंही नाही, रिकामी बाटली दाखवली आणि दिली. का हो? काय झालं माझ्या भावाला?"

"काही नाही, दवाखान्यात ये," म्हटलं. काही नाही आणि दवाखान्यात ये. काय बोलतो माणूस.

मेव्हण्याला रिक्षात घातलं. वाटेत तो माझ्या खांद्यावर झोपत होता आणि मी गालावर चापट मारत होतो. "पेंटर, झोपू नकोस. शिव्या दे मला."

"तुम्ही चांगले आहात, दाजी," तो म्हणाला. तेव्हा मात्र मी घाबरलो. शुद्धीत असताना असलं कधी बोलला नाही.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी बाटली बघितली, त्याला आडवं केलं, बोटाला चिमटा लावला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"उलटी करवलीत?"

"नाही."

"बरं केलंत. किती घेतलं यांनी?"

मेव्हणा स्वतःच बोलला, डोळे मिटूनच. "दुसऱ्या रेघेपर्यंत. तुम्ही सांगितलं तसं. आज मात्र दोनदा घेतलं, खोकला थांबेना."

"दोनदा घेऊन हे होत नाही," बाई म्हणाल्या. "बाटलीचा कप कुठे आहे?"

"त्यात रंग केला."

"काय केलं?"

त्याने सांगितलं, अडखळत. काल सकाळी एका गाडीच्या आरशाच्या कव्हरवर खडीएवढा टवका उडालेला होता. तेवढ्याशा रंगासाठी मोठा कप कोण घेतो? हाताशी औषधाचा कप होता, त्यात थेंबभर रंग कालवला. काम छान झालं. मग दुपारी औषध घ्यायची वेळ झाली तर कपात रंग वाळलेला. तेव्हा याने शेल्फवरून रंग मिसळायचा कप घेतला, नवा, कोरा, पुसून. त्यावरही रेघा असतात. दुसऱ्या रेघेपर्यंत भरलं आणि घेतलं. नव्या बाटलीवर कप आलाच नव्हता, म्हणून पुढेही तोच.

डोक्याला हात लावावा की हात उचलावा? औषधाच्या कपात रंग केला आणि रंगाच्या कपात औषध. आणि तोंडावर अजूनही भाव असा, की मी काय चुकलो?

"त्या कपावरच्या रेघा मिलीच्या नसतात, बाई," मी सांगितलं. "दोन भाग रंगाला एक भाग हार्डनर, त्या हिशेबाच्या असतात. किती मिली ते आम्ही बघतच नाही. प्रमाण जमलं की झालं."

"तो कप आणा," त्या म्हणाल्या. "आणि बाकी काही घेतलंय का? गोळी वगैरे?"

मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं.

मीच दिली होती. काल दुपारी आणि आज सकाळी, माझ्या खिशातल्या पाकिटातली, सर्दीची. नाक चोंदलं म्हणाला आणि मी दिली, भुईमुगाचा दाणा द्यावा तशी. सर्दीचं दुसरं काही घेऊ नका, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण गोळीला मी 'काही' समजतच नव्हतो.

पाकीट टेबलावर ठेवलं. बाईंनी उलटं करून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "झोप आणणारं जे औषध सिरपमध्ये आहे, तेच यातही आहे. एकावर एक चढलं. लघवी अडणं, तोंड सुकणं, चक्कर, डोळ्यांपुढे धूसर, सगळं त्याचंच." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बायको आली. भावाच्या पायाशी बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात ना हो सोमवारी?"

मी गॅरेजात जाऊन कप आणला. आतून सिरपचा चिकट वेढा होता, दुसऱ्या रेघेवर ठळक. बाईंनी त्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि ते सुईच्या मोठ्या नळीने मोजलं. छत्तीस मिली. दहाच्या जागी छत्तीस. काल दुपारपासून चार वेळा, वर माझ्या गोळ्या.

त्याला संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवलं, नळीने लघवी काढली, दर थोड्या वेळाने नाडी बघितली. पाचच्या सुमारास तो नीट जागा झाला आणि पहिलं काय केलं तर मला शिवी दिली. जीव भांड्यात पडला.

आणि मग खोकला. औषध उतरलं तसा खोकला परत वर आला, होता तसाच. बाईंनी स्टूल ओढलं.

"आता खरं सांगा. कसले पेंटर?"

या वेळी मी मेव्हण्याला बोलूच दिलं नाही. हार्डनर, बूथ, फिल्टर, सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग हे सिरप मी दिलंच नसतं. छाती ओरडून सांगतेय आणि तुम्ही तिचं तोंड बंद करताय. श्वासाची तपासणी करू. तोवर त्या खोलीत जायचं नाही, आणि पुढेही चांगल्या मास्कशिवाय नाही." एका कागदावर त्यांनी सगळं लिहिलं, काय झालं, कशामुळे, आणि दारूचा संबंध नाही हे वेगळ्या ओळीत. ती ओळ मी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. पांढरी गाडी तशीच उभी होती, दरवाजा घासलेला, रंगाविना. दुसरा पेंटर मालकाला मिळाला नव्हता.

मालकाने कागद वाचला. दोनदा वाचला. माफी? नाव नको. "बरं. म्हणजे चूक तुमचीच," तो म्हणाला. "पुढच्या वेळी कप जपून वापरा. चला, बूथ गरम करा. गिऱ्हाईकाचे फोन येतायत."

"खालची ओळ वाचा," मी म्हणालो. "तपासणी होईपर्यंत तो बूथमध्ये जाणार नाही. बाहेरची घासणी, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरणं करेल. आणि नंतर जाईल तो नव्या फिल्टरनेच."

"फिल्टर आहेत की." मालकाने मागचं कपाट उघडलं. वरच्या खणात चार डबे, सीलबंद, धूळ बसलेले. "सरकारी तपासणीवाले आले की दाखवायला ठेवलेत."

मी ते डबे बघत राहिलो. काचेपलीकडे हा महिनाभर खोकत होता, आणि अलीकडे हे.

मेव्हणा काहीतरी बोलायला गेला आणि त्याला ठसका लागला. एक, दोन, मग थांबेचना. वाकला, टेबल धरलं. मालकाने सवयीने हात उचलला, टकटक करायला, पण मध्ये काच नव्हती.

"अरे पाणी दे त्याला," मालक म्हणाला. "बंद कर ते."

पाण्याची बाटली माझ्या हातातच होती. मी ती टेबलावर ठेवली, मेव्हण्याच्या हाताजवळ. त्याने बघितली, आणि घेतली नाही.

"खोक रे," मी म्हणालो. "नीट खोक."

तो खोकत राहिला. बाहेर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, आत डोकावलं. मालक त्याच्याकडे बघेना, आमच्याकडे बघेना. शेवटी कपाटाकडे वळला आणि एक एक करून चारही डबे टेबलावर ठेवले.