वन्संचं डोकं

आमच्या घरातल्या बायकांत केस नसलेलं डोकं एकच होतं, माझ्या नणंदेचं. सुमती अकराव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दारानं यायचा. आता ती एकोणीस वर्षांची होती. आणि यांना मोजायला असंच डोकं हवं होतं, अंबाडा आड न येणारं.

हे कल्याणच्या इंग्रजी शाळेत मास्तर. साल अठराशे एकोणनव्वद. ठाण्याच्या एका सभेत यांचं व्याख्यान ठरलं होतं: ‘बुद्धी मनुष्यासच का, इतर प्राण्यांस का नाही?’ उत्तर यांच्याजवळ आधीच तयार होतं. माणूस दोन पायांवर उभा राहिला, हात मोकळे झाले, डोकं मोठं झालं. त्यात बाईपेक्षा पुरुषाचं मोठं, आणि अडाण्यापेक्षा शिकलेल्याचं. म्हणजे फिरून फिरून सगळ्यांत मोठं डोकं यांचंच. आता तेवढं मापानं दाखवायचं राहिलं होतं.

सुमती मापाला मुकाट्यानं बसली, कारण तिचं काम अडलं होतं. पुण्याच्या शिक्षिकांच्या शाळेनं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अर्जावर घरच्या माणसाची सही तेवढी हवी होती. हे म्हणाले होते, “व्याख्यान पार पडू दे, सही करतो.”

शिंप्याची फीत आणून यांनी ओसरीवर आधी तिचं डोकं मोजलं, मग आपलं. तिचं पाव इंच जास्त भरलं. पुन्हा मोजलं. मग फीत ओली होती म्हणाले, वाळवून मोजलं. शेवटी शेंडीच्या गाठीवरून फीत घेतली, तेव्हा कुठे बरोबरी झाली. मी पदरात तोंड लपवून हसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

व्याख्यानाला चार दिवस उरले आणि हातात काहीच नाही. हे जेवेनात. तेव्हा सुमतीनं ताक वाढता वाढता सांगितलं, “दादा, डोक्याचं माप सोडा. हत्तीचं केवढं असतं. वाघाला कुणाची मर्जी सांभाळावी लागते का? नाही. माकडं टोळीनं राहतात, त्यांना लागते, म्हणून ती वाघापेक्षा चलाख.”

“मग माकडं तिथंच का थांबली?”

“माकड रागावलं की चावून मोकळं होतं. त्याला चहाडी करता येत नाही. माणसाला आली. मग समोरचा मनात काय ठेवतोय, माघारी काय बोलेल, हे ओळखल्यावाचून जगणंच अवघड झालं. दुबळ्याला तर जास्तच. ज्याला ओळखता आलं, तो टिकला.”

“हे तू कुठं वाचलंस?”

“वाचलं नाही. या घरात आठ वर्षं जेवतेय.”

यांनी ताकाचा हात धुतला आणि लिहायला बसले.

ठाण्याहून हे हार घालून परतले. टाळ्या म्हणे थांबत नव्हत्या. आणखी चार व्याख्यानांचं आमंत्रण होतं. सुमतीनं पाणी दिलं आणि अर्ज, दौत, टाक समोर ठेवला.

हे हसले. “सुमे, पुण्याला तुझ्यासारख्या दहा मिळतील. मला इथं दुसरी कुठून मिळणार? आता पुढचं व्याख्यान भाषेवर, विचार करून ठेव.” आणि अर्ज माझ्या हातात दिला. “चुलीत टाक गं हा.”

ती माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली. अगदी हळू बोलली. “वहिनी, तुम्हाला वाचता येतं. दादा मला शिकवायचे तेव्हा तुम्ही समोर तांदूळ निवडायचात. तुमचे डोळे ओळीवरून फिरायचे. मी कुणाला सांगितलं नाही. खाली पाहा, घरच्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाची सही चालते, बाईची असली तरी.”

मी पाहिलं. तसंच लिहिलं होतं. सही मला येत होती, आणि टाक तिनं बरोबर आणला होता.

तिनं अक्कल वापरली नसती, तर यांनी तिला कंटाळून कधीच पुण्याला धाडून दिलं असतं. मी आठ वर्षं अडाणी राहिले, म्हणून मला कुणी काही विचारत नव्हतं. सही केली असती, तर ते सुख संपलं असतं. आणि घरात नऊ माणसं, मला पाचवा महिना, विहिरीचं पाणी एकटी सुमती ओढायची. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात आलं. कीव नंतर आली, पण आली.

“मला कुठलं वाचता येतंय, वन्सं,” मी म्हटलं आणि अर्ज चुलीत सारला.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. नऊ माणसं, पाचवा महिना, विहीर, सगळं तिनं तिथं वाचलं, शब्द न शब्द. मग ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. कळशी उचलून पाण्याला गेली.