शिक्के मोजायचे राहिले

मी पासपोर्ट आहे. होतो, म्हणा. आता माझा कोपरा कापलाय आणि अंगावर 'रद्द' असं उमटवलंय. परदेशातल्या एका भाड्याच्या खोलीत, कपाटाच्या खणात पडून असतो.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. इकडे नोकरी लागली तेव्हा त्याने मला काढलं. काय मिरवायचो मी! शिक्का बसला की उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्या शिक्क्यांचा खरा उपयोग करसल्लागाराने सांगितला. "वर्षात एकशे वीस दिवसांहून जास्त मायदेशात राहिलात, की तुम्ही तिथले रहिवासी. मग इकडच्या पगारावरही तिथे कर. दिवस सांभाळा." स्वतःच्या घरी राहायचे दिवस माणसाला मोजावे लागतात, हे मला नवीनच होतं.

मग एका वर्षी त्याची आई अंथरुणाला खिळली. थोरली बहीण, ताई, तिचं सगळं करायची. मालक लांब रजा काढून घरी गेला. मध्ये कामावरून बोलावणं आलं, म्हणून अकरा दिवस इकडे येऊन परत गेला. ते शिक्के माझ्या सतराव्या पानावर आहेत.

ताई आईच्या औषधांची वही ठेवायची. त्यात रोज 'घरी कोण' तेही लिहायची, कारण आईला काही आठवायचं नाही. संध्याकाळ झाली की आई विचारायची, "तो आहे ना गं घरी?" आणि वहीतल्या अक्षरांवर बोट ठेवून खात्री करायची. त्या अकरा दिवसांतही ताईने 'भाऊ घरी' असंच लिहिलं. आईला तेवढाच धीर.

वर्ष संपायला महिना होता. मालकाने विचारलं, "ताई, किती झाले गं दिवस?"

तिने वहीतून मोजले. "आज एकशे वीस भरतात. अरे, निघायलाच हवं तुला."

जागरणांनी ती पार थकली होती. आपणच खोटं लिहिलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मधले दिवस तिने वगळले असतील, असं मालक समजला. मला कोणी उघडलंच नाही. मी बॅगेत तडफडत होतो.

पाचव्या दिवशी आई गेली. मालक धावत परत आला. म्हणाला, "बसू दे कर बसला तर." हेच पाच दिवस आधी म्हणाला असता तर!

पुढे करसल्लागाराने शिक्के मोजले. "कर कसला? नंतरचे दहा दिवस धरूनही एकशे वीसच्या आतच आहात. तुम्ही निघालात तेव्हा एकशे नऊच भरले होते. अकरा दिवस होते की हातात."

मालक माझं सतरावं पान बघत बसला. ताईला त्याने आजवर काही सांगितलेलं नाही. ती अजून सगळ्यांना सांगते, "तो शेवटपर्यंत थांबला असता हो, पण नियमच तसा."

पुढच्या आठवड्यात ताई इथे राहायला येतेय. पसारा तिला खपत नाही, पहिल्याच दिवशी खण उपसेल. मालका, मला टाकणं तुझ्या जिवावर येतं, ठाऊक आहे मला. पण ती यायच्या आत मला जाळून टाक. सतरावं पान तिच्या हाती लागलं, तर ती वही काढून पुन्हा मोजायला बसेल.